कडी नसलेलं दार

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय आणि विषयही नेहमीचा नाही. पिस्तुलं! आमच्या घराण्यात कुणी पिस्तूल बाळगलं नाही, मीही कधी हातात धरलेलं नाही. (सौ.ला विषय सांगितला तर म्हणाली, "आता हे आणि काय नवीन?") पण मला यंत्रांचं वेड, आणि आमचा भाचा कॉम्प्युटरवरच्या लढाईच्या खेळांत तरबेज. ग्लॉक, बेरेटा, कोल्ट ही नावं त्याला पाढ्यांसारखी पाठ. मध्यंतरी त्याने विचारलं, "मामा, कुठल्या पिस्तुलाचं लॉकिंग सगळ्यात भरवशाचं रे?" प्रश्न यंत्राचा, त्यामुळे मी खूष होऊन वाचत सुटलो. वाचता वाचता मात्र युरोप-अमेरिका मागे पडली आणि मी पोचलो नाशिकला, तिथून कुंडल-सांगलीला, आणि शेवटी साताऱ्याला. काय सापडलं ते सांगतो. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी हे 'लॉक' म्हणजे काय ते बघू. घोडा बंद ठेवणारा जो सुरक्षेचा खटका असतो तो वेगळा. इथे लॉक म्हणजे पिस्तुलाच्या मागच्या दाराची कडी.

काडतूस म्हणजे पितळेची पुंगळी. तळाशी ठिणगी देणारी टोपी, मध्ये दारू, तोंडाशी बसवलेली गोळी. चाप ओढला की टोपी फुटते, दारू पेटते आणि क्षणार्धात प्रचंड दाबाचा वायू तयार होतो. वायूला पुढचं मागचं कळत नाही. तो जेवढ्या जोराने गोळीला पुढे ढकलतो तेवढ्याच जोराने पुंगळीला मागे ढकलतो. साध्या रिव्हॉल्वरमध्ये याची चिंता नाही, कारण पुंगळीच्या मागे पोलादाची भिंतच असते. ती कधी हलत नाही. चाप ओढला की चक्र फिरतं, पुढचं काडतूस समोर येतं. एखादं काडतूस फुसकं निघालं तर पुन्हा चाप ओढायचा, पुढचं येईल.

स्वयंचलित पिस्तुलाची गंमत (आणि गोची) अशी, की तिथे मागची भिंत नसून दार असतं. गोळी गेली की ते दार उघडतं, रिकामी पुंगळी बाहेर फेकतं, आणि मिटताना मुठीतल्या मॅगझिनमधून नवीन काडतूस आत ढकलतं. हे सगळं त्या वायूच्याच मागच्या धक्क्यावर चालतं. आता प्रश्न एकच, दार कधी उघडायचं? गोळी नळीत असतानाच उघडलं तर सगळा दाब मागे येणार, पुंगळी फाटणार आणि हत्यार हातातच फुटणार. म्हणजे गोळी बाहेर पडून दाब उतरेपर्यंत दार मिटलेलं राहिलं पाहिजे. तो वेळ किती? सेकंदाचा हजारावा भाग म्हटला तरी चालेल!

याला दोन उत्तरं आहेत. पहिलं अगदी गावाकडचं आहे. वाऱ्याने दार उघडू नये म्हणून आपण काय करतो? कडी मोडकी असेल तर आतून जातं लावून ठेवतो. वारा दार ढकलतो खरा, पण जातं जागचं हलेपर्यंत झोत निघून गेलेला असतो. पिस्तुलातही तसंच. कडी लावायचीच नाही. दार, म्हणजे वरची सरकणारी स्लाइड, गोळीपेक्षा कितीतरी पट जड ठेवायची आणि तिच्यामागे तगडी स्प्रिंग द्यायची. हलकी गोळी सुटून जाते, जड स्लाइड सावकाश मागे येते. याला ब्लोबॅक म्हणतात.

दुसरं उत्तर खरोखरच्या कडीचं. नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकवायची. बार झाला की दोघं हातात हात घालून थोडी मागे सरकतात, तेवढ्यात गोळी निघून जाते, मग कडी सुटते, नळी थांबते आणि स्लाइड एकटी मागे जाते.

मग सगळ्यांनाच कडी का नाही? किंवा सगळीच बिनकडीची का नाहीत? याचं उत्तर काडतुसात आहे. जुन्या ७.६५ मिलिमीटरच्या (म्हणजे .३२ च्या) ब्राउनिंग काडतुसाची गोळी साधारण साडेचार ग्रॅमची, वेग सेकंदाला २८० मीटरच्या आसपास. ९ मिलिमीटर पॅराबेलमची गोळी आठ ग्रॅमपर्यंतची, वेग साडेतीनशेच्या घरात. वजन गुणिले वेग करून बघा, धक्का दुपटीहून जास्त. अमेरिकन .४५ ची गोळी तर जवळजवळ पंधरा ग्रॅमची, ती सावकाश जाते तरी धक्का तिप्पट. एवढा धक्का निव्वळ वजनाने अडवायचा तर पिस्तूल खिशातून काढायला हमाल लागेल! म्हणून काडतूस दुबळं असेल तर जातं पुरतं, दांडगं असेल तर कडी हवी.

आता कड्यांचे प्रकार. हा भाग भाच्यासाठी, इतरांनी गाळला तरी चालेल. :)

जर्मन माउझर (१८९६) घ्या. त्यात बोल्टच्या खाली एक ठोकळा असतो. तो वर आला की बोल्ट बंद, खाली पडला की मोकळा. याची घडण इतकी चोख, की पूर्ण पिस्तुलात स्क्रू एकच, तोही मुठीच्या लाकडी फळ्या धरून ठेवायला. पुढे आलं लुगर. त्याची कडी म्हणजे माणसाचा गुडघा. पाय ताठ असेपर्यंत कितीही वजन पेलतो, मागून जरा टोचलं की मुडपतो. तसा एक सांधा सरळ असताना दार बंद, मागे सरकताना उतारावर चढून मुडपला की दार उघडं. दिसायला देखणं, नेमबाजीला उत्तम, पण लाडाचं. काडतूस ठराविक जोराचंच हवं, आणि सांधा उघड्यावर असल्याने धूळ-चिखल सोसत नाही.

मग अमेरिकेतला जॉन मोझेस ब्राउनिंग. त्याने नळीच्या पाठीवर दाते काढले, स्लाइडच्या पोटात खाचा पाडल्या आणि नळीची शेपटी एका छोट्या हलत्या दुव्यावर टांगली. मागे सरकताना दुवा नळीची शेपटी खाली ओढतो, दाते खाचांतून सुटतात, झालं. हेच कोल्ट १९११. त्याची कथा प्रसिद्ध आहे. अमेरिकन सैन्याने १९११ च्या मार्चमध्ये शेवटची परीक्षा घेतली, ६००० फैरी. प्रतिस्पर्धी सॅव्हेज पिस्तुलात नळी गोल फिरून दार रोखायची. ते ३७ वेळा अडलं असं सांगतात, ब्राउनिंगचं एकदाही नाही. १९३५ च्या हाय-पॉवर पिस्तुलात तो हलता दुवाही गेला आणि नळीच्या पोटाखालची तिरकी खाचच तिला खाली खेचू लागली. आपल्याकडच्या इशापूरच्या कारखान्याने बनवलेलं ९ मिलिमीटरचं पिस्तूल याच हाय-पॉवरच्या कुळातलं. ग्लॉकची नळीही अशीच शेपूट खाली टाकते. जर्मन वॉल्थर पी-३८ ने नळी सरळ ठेवून तिच्याखाली खाली पडणारी पाचर बसवली, आणि भाच्याच्या खेळातली बेरेटा ९२ तीच पाचर वापरते.

तर या सगळ्यांत भरवशाची कडी कुठली? वाचताना माझ्या लक्षात आलं की चांगल्या पिस्तुलाची कडी सहसा दगा देतच नाही. पिस्तूल अडतं ते बहुतेक वेळा दुसरीकडेच. मॅगझिनचे ओठ वाकलेले, स्प्रिंग थकलेली, काडतूस जुनं किंवा ओल लागलेलं, तेल वाळून चिकट झालेलं, खाचेत माती. बार फुसका झाला तर दार उघडायला धक्काच मिळत नाही, पुंगळी अर्धवट अडकून बसते आणि ते सोडवायला दोन्ही हात लागतात. म्हणून तर इंग्रजांच्या सैन्याने दुसऱ्या महायुद्धातही रिव्हॉल्वर सोडलं नाही. चिखलात लोळूनही मागची भिंत भिंतच राहते ना!

थोडक्यात, भरवसा हा नुसत्या कडीचा गुण नाही. काडतूस कुठून येतं, किती येतं, साफसफाई कोण करतं, या सगळ्या साखळीचा तो गुण आहे. आता ही साखळी मनात ठेवून आपल्याकडे या.

२१ डिसेंबर १९०९, नाशिकचं विजयानंद थिएटर. कलेक्टर जॅक्सन बदलून जाणार म्हणून त्यांच्यासाठी नाटक ठेवलेलं, 'संगीत शारदा'. तिथे अठराच्या आतबाहेरच्या अनंत कान्हेऱ्यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. पिस्तूल होतं ब्राउनिंग. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या सामानात वीस पिस्तुलं पाठवली होती, त्यातलं. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे यांना फाशी झाली. हा इतिहास आपण शाळेत वाचलेला. पण सांगलीकरांसाठी यात एक वेगळीच नोंद आहे. 'शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल आपल्या सांगलीजवळच्या हरिपूरचे, जन्म १८५५. ज्याच्या नावाचं पिस्तूल त्या रात्री थिएटरात आलं तो जॉन ब्राउनिंग अमेरिकेतल्या यूटाचा, जन्म १८५५! आणि 'शारदा' रंगभूमीवर आलं १८९९ मध्ये, त्याच सुमारास बेल्जियमच्या एफएन कारखान्यात ब्राउनिंगचं ७.६५ चं काडतूस आणि पिस्तूल तयार होत होतं. म्हाताऱ्याशी लावलेल्या मुलीच्या लग्नाविरुद्ध नाटक रचणारा एक, दाराला कडी न लावता पिस्तूल चालवून दाखवणारा दुसरा. दोघांनी एकमेकांचं नावही ऐकलं नसेल. योगायोगच, बाकी काही नाही. पण वाचल्यावर मी उठून दोन येरझाऱ्या घातल्या.

ब्राउनिंगच्या त्या सुरुवातीच्या पिस्तुलाला कडी नाही. निव्वळ जातं. तीही फार हुशारीने केलेली रचना. नळीच्या वर ठेवलेली एकच स्प्रिंग स्लाइडही बंद करते आणि टोपीवर आपटणाऱ्या पिनलाही जोर देते. सुटे भाग कमी, काडतूस दुबळं, आकार खिशात मावणारा. चोरून नेण्यासाठी आणि न शिकलेल्या हातासाठी याहून सोयीचं हत्यार तोवर नव्हतं.

पुढचीही यादी तपासली. अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कात २७ फेब्रुवारी १९३१ ला चंद्रशेखर आझादांच्या हातात होतं ते .३२ चं कोल्ट. तेही ब्राउनिंगच्याच डोक्यातून निघालेलं, तेही बिनकडीचं. कडीवाली पिस्तुलं क्रांतिकारकांकडे नव्हतीच असं नाही. २६ ऑगस्ट १९१४ ला कलकत्त्यात रॉडा कंपनीच्या मालातून ५० माउझर आणि ४६,००० काडतुसं पळवली गेली. आकड्यांकडे बघा. एका पिस्तुलामागे नऊशेहून जास्त काडतुसं! तिथे कडीपेक्षा काडतुसांच्या पेट्यांनी इतिहास घडवला.

आता आपला भाग. १९४२ नंतर कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात, तेव्हाच्या अखंड सातारा जिल्ह्यात, प्रतिसरकार उभं राहिलं. (दक्षिण सातारा वेगळा झाला १९४९ मध्ये आणि त्याचं नाव सांगली झालं १९६० मध्ये. त्यामुळे नाना पाटील साताऱ्याचे की सांगलीचे हा वाद घालणाऱ्यांनी जपून!) क्रांतिसिंह नाना पाटील, नागनाथअण्णा नायकवडी, जी. डी. बापू लाड, किसन वीर ही नावं इथल्या वाचकांना नवीन नाहीत. ७ जून १९४३ ला शेणोलीला रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला, १४ एप्रिल १९४४ ला थेट धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना. हे सगळं करायला हत्यारं लागली. ती आली कुठून?

काही पोलिसांकडून. हौसाताई पाटील, म्हणजे नानांच्या कन्या, सांगायच्या तो भवानीनगरचा किस्सा बऱ्याच जणांनी ऐकला असेल. चौकीसमोर मारहाणीचं सोंग वठवलं, मार खाणारी बाई स्वतः हौसाताई. पोलीस भांडण सोडवायला बाहेर आले आणि तेवढ्या वेळात सहकाऱ्यांनी चौकीतल्या बंदुका लांबवल्या. काही हत्यारं गोव्यातून, पोर्तुगीजांच्या हद्दीतून. ती आणताना बाळ जोशी पकडले गेले, तेव्हा त्यांना सोडवायचा बेत घेऊन तुरुंगात भेटायला गेल्या त्या हौसाताईच. परतताना मांडवी त्यांनी रात्री एका लाकडी पेटीच्या आधाराने ओलांडली. वय विशीच्या आतबाहेरचं, अंगावर तान्ह्या मुलाची जबाबदारी.

आता या हत्यारांना वर सांगितलेली भरवशाची साखळी लावून बघा. ज्या पिस्तुलाने परीक्षेत ६००० फैरी न अडता झाडल्या, त्याच्यामागे आख्खा कारखाना होता. एका जातीचं काडतूस, तेल, सुटे भाग, कारागीर. इथे हिसकावलेल्या आणि चोरून आणलेल्या हत्यारांचं मिश्रण. एकाचं काडतूस दुसऱ्याला चालत नाही. सराव करावा तर गोळी खर्ची पडते, न करावा तर हात बसत नाही. वर आपला मृगापासूनचा पाऊस, आणि माणसं आज या रानात तर उद्या त्या वस्तीवर. अशा ठिकाणी लुगरचा गुडघा चांगला की ब्राउनिंगचा दुवा, हा प्रश्नच उरत नाही. जे हाताला लागलं ते भरवशाचं.

मग चार वर्षं हे सगळं टिकलं कशावर? २४ जुलै १९४३ ला सांगलीच्या तुरुंगातून वसंतदादा आणि त्यांचे सहकारी बाहेर पडले ते आठवा. पहारेकऱ्यांच्या बंदुका हिसकावल्या, तटावरून उड्या टाकल्या, भर पावसाळ्यातली कृष्णा समोर. मागून गोळीबार. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबुराव जाधव गेले, दादांच्या खांद्यात गोळी लागली. हातात बंदुका होत्या, तरी त्या दिवशी बंदुकांनी कुणाला वाचवलं असं दिसत नाही. नाना पाटील १९४२ पासून १९४६ पर्यंत भूमिगत राहिले, इंग्रजांच्या हाती लागले नाहीत. बक्षीस लावलं होतं, गावागावात पोलीस होते, मारहाण होती. नानांना भाकरी देणारी घरं शेकडो होती, आणि त्यातल्या एकाही घराने तोंड उघडलं असतं तर संपलं होतं. त्या घरांकडे हत्यार नव्हतं. दाराला असेल तर साधी कोयंड्याची कडी.

इथवर वाचून कुणाला वाटेल की हे अभिमानाचं वाचन आहे. मलाही वाटत होतं. पण पुढचं पिस्तूल मला टाळता येईना.

१९४८ चा जानेवारी. २० तारखेला बिर्ला भवनात जो कट फसला, त्या मंडळींकडे दोन रिव्हॉल्वर होती. आधी रानात चाचणी घेतली तर दोन्ही धड चालली नाहीत, हे पुढे खटल्यात आलं. ज्या रिव्हॉल्वरला मी वर 'भिंत' म्हणून शाबासकी दिली, ते! मग भरवशाच्या हत्याराचा शोध सुरू झाला आणि ग्वाल्हेरला मिळालं बेरेटा. १९३४ च्या नमुन्याचं, ९ मिलिमीटर आखूड काडतुसाचं, नंबर ६०६८२४. इटालियन सैन्याचं हे पिस्तूल ओबडधोबड, सुटसुटीत, आणि कडीशिवायचं. पुन्हा तेच जातं. ३० जानेवारीला संध्याकाळी दिल्लीत त्याच्यातून तीन गोळ्या सुटल्या. एकदाही अडलं नाही.

हे वाक्य मी लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. यंत्राच्या भाषेत ते कौतुक आहे. 'एकदाही अडलं नाही' यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र पिस्तुलाला नसतं. ब्राउनिंगच्या ६००० फैरींबद्दल मी हेच वाक्य वर मिटक्या मारत लिहिलं आहे.

आणि त्या तीन गोळ्यांचा धक्का मागे कुठे आला? पुढच्या काही दिवसांत सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांची घरं जळली. ज्यांनी त्या कटाचं नावही ऐकलं नव्हतं अशांची. गावं सुटली, वाडे काळे पडले, जमिनी गेल्या, माणसं पुण्या-मुंबईकडे निघाली. माडगूळच्या व्यंकटेश माडगूळकरांनी याच दिवसांवर 'वावटळ' लिहिली, ते स्वतः बेचाळीसच्या चळवळीत उतरलेले. इथे नेहमी वाचणाऱ्यांत दोन्हीकडची घरं आहेत हे मला माहीत आहे. कुणाच्या आजीने नानांच्या माणसांना रात्री भाकऱ्या बांधून दिल्या, कुणाच्या आजीने पुढे चार वर्षांनी परसात उभं राहून आपलं घर जळताना बघितलं. एकाच तालुक्यात, कधीकधी एकाच आळीत. आपण पहिली गोष्ट लग्नाकार्यात रंगवून सांगतो, दुसरी सांगत नाही. ज्या घरांनी चार वर्षं तोंड उघडलं नाही त्यांचा भरवसा खरा होता, आणि शेजाऱ्याच्या दाराला काडी लागताना तोच भरवसा पुष्कळ ठिकाणी तुटला, हेही तितकंच खरं. काही ठिकाणी तुटला नाही. जमावासमोर आडवे उभे राहून शेजाऱ्याचं घर राखणारेही होते. तुमच्या घरात अशी कुणाची आठवण असेल तर ती लिहून ठेवा, कारण पाहिलेली माणसं आता फार थोडी उरली आहेत.

ही तिन्ही पिस्तुलं, नाशिकचं, अलाहाबादचं, दिल्लीचं, यंत्र म्हणून सख्खी चुलत भावंडं आहेत. तेच तत्त्व, तसलंच दुबळं काडतूस, तीच कडी नसलेली साधी रचना. यंत्राला कान्हेरे कळत नाहीत, आझाद कळत नाहीत, गोडसेही कळत नाही. आणि नाशिकचा जॅक्सन तरी काय, संस्कृत जाणणारा, 'पंडित जॅक्सन' म्हणून ओळखला जाणारा माणूस होता. इंग्रज राजवटीचा कलेक्टर होता हेही खरंच. मी इथे सगळ्यांना एका तागडीत घालत नाहीये. फरक आहे, आणि तो मोठा आहे. मुद्दा एवढाच की तो फरक पिस्तुलात शोधून सापडत नाही. 'भरवशाचं' म्हणताना आपण फक्त चाप ओढणाऱ्याच्या बाजूने बोलत असतो. नळीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्याच्या दृष्टीने तेच पिस्तूल अडलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दुसऱ्या टोकाचा विचार करताना एकच माणूस डोळ्यांसमोर येतो, आणि तो नेमका साताऱ्याचाच. जावळीतल्या केडंब्याचे तुकाराम ओंबळे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीच्या नाक्यावर ते सहायक पोलीस उपनिरीक्षक म्हणून उभे होते, हातात काठी. समोर कसाबची एके-४७. भाच्याला तिची कडी पाठ असेल. बोल्ट मागेपुढे होताना गोल फिरतो आणि दोन दात खाचांत बसतात. ढिलाईने बसवलेले भाग, त्यामुळे वाळू-चिखलातही चालते. जगातलं सगळ्यात भरवशाचं हत्यार म्हणून तिचं नाव घेतात. त्या रात्रीही तिने दगा दिला नाही, सगळ्या गोळ्या ओंबळ्यांच्या अंगात गेल्या. त्यांनी नळी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. सोडली नाही, म्हणून मागच्यांना वेळ मिळाला आणि तो जिवंत सापडला. पुढे न्यायालयात पुरावे झाले, साक्षी झाल्या, निकाल लागला. ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं.

भाच्याला मी उत्तर दिलं ते असं. लष्करी काडतुसासाठी ब्राउनिंगची खाली झुकणारी नळी. शंभर वर्षं होऊन गेली, जगातली बहुतेक कारखानदार मंडळी अजून तिलाच चिकटून आहेत, यातच सगळं आलं. लहान काडतुसासाठी कडीच नको, जेवढे भाग कमी तेवढी अडचण कमी. यंत्रापुरतं हे उत्तर बरोबर आहे आणि त्याचं समाधानही झालं. मग मी त्याला केडंब्याचं नाव सांगितलं. त्याला ते माहीत नव्हतं. दिवाळीत साताऱ्याला येणार आहे, तेव्हा मेढ्यावरून पुढे त्या बाजूला घेऊन जाईन म्हणतोय. जाताना कुंडललाही थांबू. वाट वाकडी होईल, पण होऊ दे.

बाकी सगळं ठीक. इकडे पावसाने यंदा बराच मुक्काम केला, भुईमूग काढायचा राहिलाय. काकूंनी विचारलेल्या जुन्या फोटोंचं बघतो.